चोराच्या हाती किल्ली

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं एक छोटं गाव आहे. जानेवारी १९७४ मध्ये या गावातून एक खेळ विक्रीला निघाला. लाकडी फळीचा भास व्हावा असा तपकिरी खोका, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर. पहिल्या खेपेला १००० खोके तयार केले होते. खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे तळघरं आणि राक्षसी सर्प असं म्हणू या. या खेळाला बुद्धिबळासारखा पट नव्हता, आणि शेवटी अमुक जिंकला असंही त्यात होत नसे. चार-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचं. प्रत्येकानं एकेक सोंग घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी मंत्रानं जखमा बऱ्या करणारा धर्मगुरू. एकानं पंच व्हायचं. पंच सांगणार, ‘तुम्ही एका भुयाराच्या तोंडाशी उभे आहात, आतून कुबट वास येतो आहे.’ मग प्रत्येकानं आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं. जमलं की फसलं, ते फासे सांगणार.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, नियमांची एक पुरवणी निघाली आणि तिच्यात एक नवं सोंग आलं. ते म्हणजे चोर. कुलपं उघडणं, दारामागे कोण बोलतंय ते कान लावून ऐकणं, पेटीला लावलेला विषारी सापळा निकामी करणं, ही त्याची कामं. पण त्याच्या अंगच्या गुणांत आणखी एक गुण होता, खिसे कापण्याचा. आता पाहा, आपल्याकडे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं म्हणजे मूर्खपणाची कमाल. या खेळात नेमकं तेच करावं लागे. चोर नसेल तर पेटी उघडायची कुणी? आणि चोर असेल तर पेटीतल्या मोहरा खरोखर किती होत्या, हे इतरांना कळायचं कसं? तो पुढे, अंधारात एकटा. बाकीचे दहा पावलं मागे, मशाल धरून. तो म्हणणार, ‘आत काही विशेष नाही.’

मित्रहो, ज्यांच्यावर विश्वास टाकायला काही कारण नाही अशा माणसांबरोबर अंधारात शिरायचं कसं, हा माझा आजचा विषय आहे. खेळातला म्हणून तो हलका वाटेल. पण त्याला दोन उत्तरं सुचवली गेली, आणि दोन्ही उत्तरांमागे खऱ्या माणसांचा खरा इतिहास आहे. एक उत्तर या खेळवाल्यांचं. दुसरं त्यांच्याआधी वीस वर्षं एका इंग्रज प्राध्यापकानं लिहून ठेवलं होतं.

आधी खेळवाल्यांचं घेऊ. ही मंडळी मुळात एकमेकांचे शत्रू होती. म्हणजे टेबलावरचे शत्रू. शिशाचे इवलेसे सैनिक मांडून नेपोलियनच्या लढाया खेळायच्या, असा छंद तेव्हा अमेरिकेत बराच होता. एक जण फ्रेंच सेनापती, समोरचा प्रशियन. या छंदाचं मूळ प्रशियातच आहे. तिथल्या राइसविट्झ नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये ‘क्रीगस्पील’, म्हणजे युद्धखेळ, अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी बसवला. त्यात एक फार महत्त्वाची गोष्ट होती. दोन्ही बाजूंना शत्रूची फौज दिसायची नाही. ती फक्त पंचाला दिसायची. तुमचे टेहळे टेकडीवर पोहोचले तरच पंच तुम्हाला सांगणार की पलीकडे धूळ उडते आहे. आपल्याला जे दिसत नाही ते खरं सांगणारा एक तटस्थ माणूस खेळात बसवायचा, ही कल्पना लक्षात ठेवा. पुढे तिच्यावरच सगळा डोलारा उभा राहिला.

१९६९ च्या सुमारास मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरातल्या डेव्हिड वेस्ली नावाच्या हौशी खेळाडूनं एक प्रयोग केला. ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक गाव त्यानं घेतलं. लढाई गावावर चालून येते आहे, पण अजून पोहोचलेली नाही. दोन खेळाडूंना सैन्यं दिली आणि उरलेल्यांना गावातली माणसं केली. कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी विद्यार्थी. प्रत्येकाला त्याचा गुप्त हेतू वेगळा सांगितला. झालं! लढाई राहिली बाजूला, आणि खेळाडू दोघं-दोघं करून दुसऱ्या खोलीत जाऊन कुजबुजू लागले, थापा मारू लागले, कट रचू लागले. दोघांचं तर द्वंद्वयुद्ध ठरलं, ज्याला नियमच नव्हता. वेस्लीला वाटलं, प्रयोग पार फसला. खेळाडू मात्र विचारू लागले, पुढचा डाव कधी?

त्या खेळाडूंत डेव्ह आर्नेसन होता. त्यानं १९७१ मध्ये ‘ब्लॅकमूर’ नावाचा किल्ला उभा केला आणि काही काळानं आपल्या मित्रांना त्या किल्ल्याखालच्या तळघरात उतरवलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं कळीचं पाऊल हेच. उघड्या मैदानावर माणसं पांगतात, गावात कुजबुजतात. पण अरुंद भुयारात, एकाच मशालीच्या उजेडात, पुढे काय आहे ते कुणालाच ठाऊक नसताना, कालचा प्रतिस्पर्धी अचानक तुमची पाठ राखणारा होतो. त्याचा स्वभाव बदललेला नसतो, बदललेली असते ती जागा.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसननं लेक जिनिव्हाला जाऊन गॅरी गायगॅक्स या मित्राला हा खेळ दाखवला. गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी १९७० मध्ये गेली होती आणि घर चालवायला तो जोडे दुरुस्त करायचं काम करत होता. रात्री टंकलेखन यंत्रावर युद्धखेळांचे नियम बडवायचे. आर्नेसनच्या सुट्या टिपणांतून आणि स्वतःच्या जुन्या नियमांतून त्यानं जे रचलं, तेच त्या तपकिरी खोक्यात घातलं.

हे नियम वाचताना मला गंमत वाटते. त्यांत मैत्री, निष्ठा यांवर प्रवचन नाही. हिशेब आहे. त्या काळच्या नियमांत अनुभवाचे गुण मिळायचे ते मोठ्या प्रमाणात बाहेर आणलेल्या लुटीवर. म्हणजे राक्षसाशी लढून मरण्यापेक्षा त्याला चुकवून, सगळ्यांनी मिळून पेटी बाहेर आणण्यात शहाणपण. एकानं नकाशा काढायचा, कारण परत येताना वाट चुकली तर सगळेच संपले. एकानं सर्वांच्या वतीनं पंचाशी बोलायचं. कोण पुढे चालणार, कोण मागे, ते आधी ठरवायचं. मशाल किती वेळ जळेल तेही मोजायचं. भाड्यानं घेतलेल्या सोबत्यांच्या निष्ठेलाही आकडा होता. तो फाशांनी ठरे, आणि त्यांना पगार कसा, वागणूक कशी, यावर त्यांची हिंमत टिकणार की ढळणार ते अवलंबून. हमालाला उपाशी ठेवून ड्रॅगनसमोर उभा केलात तर तो पळणार. हे कळायला जादू लागत नाही.

१९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात तर एक खास परिशिष्टच आहे, लुटीच्या वाटपाचे करार कसे करावेत याचं. समान वाटे घ्यायचे की पात्राच्या पायरीप्रमाणे, हे भुयारात शिरण्यापूर्वी बोलून घ्या, असा त्याचा रोख. आपल्याकडे भाऊबंदकीत वाटणीपत्र लिहिण्याची वेळ येते ती घरात भिंत उभी राहिल्यावर. इथं ते पायवाटेवरच लिहून घ्यायचं. ज्याला ही व्यवहारी वृत्ती रुक्ष वाटते त्यानं चोराचं पात्र आठवावं. वाटा आधी ठरलेला असला की चोरालाही चोरी करण्यापेक्षा सोबत टिकवणं परवडतं.

आणि फासे. आपण मराठी माणसं फासे म्हटलं की शकुनीमामा आठवणारी. सभा, पण, कपट. द्यूत हा शब्दच आपल्याकडे विश्वासघाताला जोडून येतो. या टेबलावर उलटं आहे. पंच आपल्या मर्जीनं बोलत नाही, तोही फाशाला बांधलेला आहे, म्हणून त्याचं म्हणणं मानलं जातं. मी पहिल्यांदा आमच्याकडच्या तरुण मंडळींना हा खेळ खेळताना पाहिलं तेव्हा माझं लक्ष गोष्टीकडे नव्हतंच. वीस बाजूंचा तो फासा घरंगळत थांबेपर्यंत सगळ्यांचे श्वास कसे एकदम अडकतात, आणि वाईट दान पडल्यावर पंचावर कुणी चिडत कसं नाही, ते मी बघत बसलो होतो. आता खरं सांगायचं तर पंच पडद्याआड फासे टाकतो आणि तिथं काय पडलं हे तोच जाणे. तरी लोक मानतात.

पण इतिहास कधीकधी फार खट्याळपणा करतो. लुटीचे वाटे आधी ठरवून घ्या, असं जगाला शिकवणारे हे दोघे स्वतः मात्र वाट्यावरूनच बिनसले. आर्नेसन १९७६ मध्ये कंपनीतून बाहेर पडला. खेळाच्या नव्या आवृत्तीवर आपलं नाव नाही, मानधनाचा वाटा नाही, म्हणून १९७९ मध्ये त्यानं गायगॅक्स आणि कंपनीवर दावा लावला. १९८१ मध्ये तडजोड झाली. गायगॅक्सच्या वाट्यालाही पुढे तेच आलं, १९८५ मध्ये त्याच्याच कंपनीची सूत्रं त्याच्या हातून गेली. २००८ मध्ये गायगॅक्स वारला, २००९ मध्ये आर्नेसन. दोघांनी मिळून केलेल्या वस्तूनं २०२४ मध्ये पन्नाशी गाठली.

तेव्हा प्रश्न असा, की हिशेब जिथं संपतो तिथं काय? या प्रश्नासाठी त्या इंग्रज प्राध्यापकाकडे जावं लागतं. जे. आर. आर. टॉल्किन हे त्यांचं नाव. ऑक्सफर्डला जुनी इंग्रजी भाषा शिकवत. त्यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४ आणि १९५५ मध्ये तीन भागांत निघाली. २००१ पासून ओळीनं तीन वर्षं आलेले तिचे चित्रपट आपल्याही शहरांत गर्दी खेचून गेले, त्यामुळे अनेकांना गोष्ट ठाऊक असेल. गायगॅक्स पुढे सांगत असे की टॉल्किनचा आपल्या खेळावर प्रभाव थोडाच. पण पहिल्या छपाईत टॉल्किनचे हॉबिट नावानिशी होते, आणि टॉल्किनच्या साहित्याचे हक्कदार दारात आल्यावर ते पुसून त्या जागी ‘हाफलिंग’ लिहावं लागलं. एक एल्फ, एक ड्वार्फ, काही माणसं, एक जादूगार अशी विजोड टोळी एका कामासाठी निघते, हे चित्र जगाच्या मनात कुणी उमटवलं, याबद्दल मला तरी शंका नाही.

टॉल्किनना टोळी म्हणजे काय ते शाळेत कळलं होतं. बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स शाळेत त्यांचा चार मित्रांचा गट होता. शाळेच्या ग्रंथालयात चोरून चहा करायचा आणि बॅरोज नावाच्या दुकानातल्या चहाघरात बसायचं, यावरून त्यांनी आपल्या मंडळाला नाव दिलं, ‘टी क्लब, बॅरोव्हियन सोसायटी’. मग पहिलं महायुद्ध आलं. १ जुलै १९१६ ला सॉमची लढाई सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी रॉब गिल्सन मारला गेला. टॉल्किन त्याच लढाईत संदेशवहन अधिकारी होते. खंदकज्वरानं आजारी पडून ते नोव्हेंबरमध्ये मायदेशी परतले. डिसेंबरमध्ये जेफ्री स्मिथ तोफगोळ्याच्या जखमांनी गेला. चौघांतले दोघे उरले, टॉल्किन आणि नौदलात असलेला ख्रिस्तोफर वाइजमन. स्मिथच्या कविता टॉल्किननी संपादित केल्या, त्या १९१८ मध्ये पुस्तकरूपानं निघाल्या. १९२४ मध्ये झालेल्या आपल्या तिसऱ्या मुलाचं नाव त्यांनी ख्रिस्तोफर ठेवलं, ते वाइजमनवरून.

अशा माणसानं सोबतीबद्दल लिहिलेलं पुस्तक गोडगोड असणार नाही हे उघड आहे. नऊ जणांची ती टोळी निघते तेव्हा तिच्यात जुनी वैरं भरलेली आहेत. लेगोलस हा एल्फ, गिमली हा ड्वार्फ. लेगोलसच्या बापानं गिमलीच्या बापाला कैदेत टाकलं होतं, ही हकिगत टॉल्किनच्या १९३७ च्या ‘द हॉबिट’मध्ये येते. बोरोमिर हा मोठ्या राज्याच्या कारभाऱ्याचा मुलगा, आणि आरागॉर्न हा त्याच राज्याच्या गादीवर हक्क सांगू शकणारा रानोमाळ भटकणारा माणूस. एकानं परत आलं तर दुसऱ्याच्या घराण्याची सत्ता जाणार! शिवाय सगळ्यांच्या मधोमध ती अंगठी, जिच्या मोहात कुणीही पडू शकतो.

या टोळीला निरोप देणारा एल्रॉन्ड काय करतो? तो शपथ घेत नाही. अंगठी वाहणाऱ्या फ्रोडोवर तेवढी जबाबदारी आहे. बाकीच्यांनी जमेल तितकं यावं, वाटेत थांबावं, परत फिरावं, त्यांना बंधन नाही. गिमलीला हे पटत नाही. शपथेनं डळमळतं मन घट्ट होतं, असं त्याचं म्हणणं. एल्रॉन्डचं उत्तर असं, की शपथेच्या ओझ्यानं ते मोडूही शकतं. ज्या पिढीला झेंड्यापुढे शपथ देऊन खंदकात पाठवलं गेलं, तिच्यातल्या माणसानं हा संवाद लिहिला आहे. आणि दोन पोरसवदा हॉबिट बरोबर यायचा हट्ट धरतात तेव्हा गॅन्डाल्फ हा जादूगार त्यांची बाजू घेतो. इथं मोठ्या शहाणपणापेक्षा त्यांच्या मैत्रीवर भरवसा ठेवावा, असा त्याचा सल्ला.

पण मैत्री नसलेल्यांचं काय? लेगोलस आणि गिमली मोरियाच्या दारातही टोमणे मारतात. आमच्या दोन जमातींची मैत्री तुटली ती आमच्यामुळे नव्हे, असं एक म्हणतो. आमच्यामुळे तुटली असंही मी ऐकलेलं नाही, असं दुसरा. गॅन्डाल्फ न्यायनिवाडा करत बसत नाही. निदान तुम्ही दोघे मित्र व्हा आणि मला मदत करा, मला दोघंही हवे आहात, एवढंच म्हणून तो कामाला लागतो.

मोरियात गॅन्डाल्फ जातो. उरलेले आठ जण लोथलोरिअन नावाच्या एल्फांच्या वनराज्याच्या वेशीवर येतात. तिथला पहारेकरी हाल्दिर म्हणतो, सगळे या, पण ड्वार्फाला आम्ही कित्येक पिढ्यांत आत घेतलेलं नाही. आरागॉर्न आणि लेगोलस हमी देतात म्हणून एवढी सवलत, की त्यानं डोळ्यांना पट्टी बांधून चालावं. गिमली पेटतो. तो कुऱ्हाड उपसतो. एल्फ धनुष्यं ताणतात. नऊच्या आठ झालेल्या या टोळीची इथंच वाट लागायची.

आरागॉर्न काय करतो पाहा. गिमलीला तो समजुतीचे चार शब्द सांगत नाही, आणि हाल्दिरला कायदा बदलायलाही सांगत नाही. तो म्हणतो, सगळ्यांचे डोळे बांधा. माझेही, लेगोलसचेही. चाल मंदावेल, कंटाळा येईल, चालेल. गिमलीला एकदम हसू फुटतं. आंधळ्या भिकाऱ्यांची ही वरात काय दिसेल, असं त्याच्या डोळ्यांपुढे येतं. तो म्हणतो, एकट्या लेगोलसनं माझ्याबरोबर पट्टी बांधली तरी मला पुरे. आता चिडायची पाळी लेगोलसची. मी एल्फ, ही माझ्या भाऊबंदांची भूमी, आणि मी डोळे बांधून चालायचं? दोन मिनिटांपूर्वी गिमलीला जे बोचत होतं तेच आता त्याला बोचतं. शेवटी आठही जण पट्ट्या बांधून ओळीनं चालू लागतात.

हा प्रसंग मी कितीदा वाचला असेल. यात कुणी कुणाला क्षमा केलेली नाही, आणि कुणाचा गैरसमजही दूर झालेला नाही. अपमान होता तेवढाच आहे, फक्त तो आठांत वाटला गेला. लुटीचे वाटे कसे घालावेत ते गायगॅक्सनं परिशिष्टात लिहिलं. अपमानाचे वाटे घालता येतात, हे टॉल्किननी पाहिलं होतं. कुठे पाहिलं असेल, याचा तर्क करायला फार विद्वत्ता लागत नाही. आपल्या गोष्टीतला सॅम हा नोकर १९१४ च्या युद्धात भेटलेल्या साध्या शिपायांवरून आणि अधिकाऱ्यांच्या सेवेतल्या सैनिकांवरून घडला, आणि ती माणसं आपल्याहून किती सरस होती हे आपण ओळखलं होतं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. खंदकात चिखल सगळ्यांच्या बुटांत शिरतो.

त्या वाटचालीत हाल्दिर एक वाक्य बोलतो, त्याचा आशय असा: शत्रूचं बळ सगळ्यात स्पष्ट कुठे दिसत असेल तर त्याच्या विरोधकांनी एकमेकांपासून दुरावण्यात. पट्टी बांधायला लावणारा पहारेकरीच हे बोलतो, हे विशेष. दुसऱ्या दिवशी राणीचा निरोप येतो, सगळ्यांना मोकळं करा. पहिली पट्टी सोडतात ती गिमलीची. पुढे त्याच राणीसमोर गिमली उभा राहतो तेव्हा ती त्याच्या हरवलेल्या मायभूमीची नावं त्याच्या भाषेत उच्चारते. शत्रूच्या तोंडून आपल्या गावाचं नाव आपल्या उच्चारात ऐकलं, आणि तो विरघळला. त्या मुक्कामात लेगोलस भटकायला निघाला की गिमलीला बरोबर नेऊ लागला, आणि बाकीच्यांना त्याचं नवल वाटलं. दोघांत काय बोलणं झालं ते लेखकानं सांगितलेलं नाही. बरंच केलं.

पण सगळे असे वाचत नाहीत. बोरोमिर अंगठीच्या मोहाला बळी पडतो, फ्रोडोवर हात टाकतो, टोळी फुटते. भानावर आल्यावर तोच माणूस दोन लहान हॉबिटांना वाचवायला एकटा लढतो आणि अंगात बाण रुतलेले असताना आरागॉर्नपाशी कबुली देतो. आरागॉर्न त्याला दोष देत नाही. लेगोलस आणि गिमली धावत येतात तेव्हा काय घडलं ते तो सांगतो, पण बोरोमिरचे शेवटचे शब्द सांगत नाही. ते त्यानं पुढे पुष्कळ काळ मनातच ठेवले. पळवून नेलेल्या सोबत्यांचा पाठलाग करायची घाई असताना तिघं आधी मेलेल्याला नावेत ठेवून नदीवर सोडतात.

खेळाच्या टेबलावर बोरोमिरसाठी नियम करायचे प्रयत्न झाले. प्रत्येक पात्र सुव्यवस्थेच्या बाजूचं, अंदाधुंदीच्या बाजूचं की मधलं, हे पहिल्यापासून कागदावर लिहावं लागे. सज्जनांखेरीज कुणाची सोबतच न करणारा धर्मयोद्धाही पुढे आला. त्यानं संशय कमी होण्याऐवजी वाढला, कारण कागदावर एक लिहून वागायचं दुसरं, हे खेळाडूला तेव्हाही जमत होतंच. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या काही पालकांना आणि धर्मोपदेशकांना तर हा सगळा खेळच सैतानाचा वाटू लागला होता. मुलं त्या वेळी तळघरातल्या टेबलाशी बसून वाटणीवरून भांडत होती.

अलीकडची एक रीत मात्र मला आरागॉर्नच्या वळणाची वाटते. २०१३ च्या सुमारास अनोळखी माणसांबरोबर खेळणाऱ्यांत टेबलावर एक साधं कार्ड ठेवण्याची पद्धत सुरू झाली, त्यावर फक्त एक फुली. गोष्टीत काही असं आलं की कुणाला ते सोसवत नाही, तर त्यानं कार्डाला हात लावायचा. तो भाग तिथंच गाळायचा. का, हे कुणी विचारायचं नाही, आणि त्यानंही सांगायचं नाही. बहुतेक डावांत त्या कार्डाला कुणी हात लावतही नाही. ते सगळ्यांसमोर पडलेलं असतं.

लेगोलस आणि गिमली यांचं पुढे काय झालं ते राहिलं. हेल्म्स डीपच्या लढाईत दोघे शत्रूंची मुंडकी मोजत स्पर्धा लावतात आणि गिमली ४२ विरुद्ध ४१ असा जिंकतो. मग त्यांचा एक करार होतो. ड्वार्फानं एल्फाबरोबर जुन्या अरण्यात यायचं, एल्फानं ड्वार्फाबरोबर गुहा बघायला यायचं, दोघांनाही दुसऱ्याच्या आवडीची जागा नकोशी असताना. युद्ध संपल्यावर ते तो पाळतात. कादंबरीच्या परिशिष्टात, सनावळीच्या शेवटच्या नोंदींत, आरागॉर्न वारल्यानंतर लेगोलस एक करडं गलबत बांधून समुद्रापार आपल्या लोकांच्या देशाला निघतो. त्या देशात ड्वार्फाला जागा नाही. सनावळीत लिहिलं आहे की गिमलीही त्याच गलबतातून गेला, असं म्हणतात.